दांडा लागला की मारला

डिचोलीच्या कोर्टात गोकुळदास कोरगावकरांना ‘उताऱ्यांचे वकील’ म्हणत. त्यात थोडी थट्टा होती आणि बरंचसं खरंही होतं. ते मूळचे पेडण्याकडच्या कोरगावचे. वकिली सुरू केली तेव्हा डिचोलीत बाजाराच्या मागे एक खोली भाड्याने घेतली, आणि मग तिथलेच होऊन गेले. कुळांचे दावे, दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेल्या मुंडकारांचे अर्ज, वारसांच्या नोंदी, सातबाऱ्यासारख्या एक-चौदाच्या उताऱ्यातल्या नावांच्या दुरुस्त्या, यातच त्यांची तेवीस वर्षं गेली होती. मामलेदाराच्या कचेरीत कुठलं बाड कुठल्या कपाटात आहे हे तिथल्या कारकुनांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक.

मारामारीचं प्रकरण आलंच तर ते दोन्ही बाजूंना एका बाकावर बसवायचे, चहा मागवायचे आणि दुपारपर्यंत तडजोड करून द्यायचे. लोकांना ती त्यांची हुशारी वाटे. खरं कारण वेगळं होतं. गोकुळदासना साक्षीदारासमोर उभं राहायची भीती वाटायची.

त्यालाही कारण होतं. वकिलीच्या सुरुवातीला पेडण्याच्या एका माणसावर भावाला मारहाण केल्याचा खटला होता. पहाटेचं दाट धुकं, आणि साक्षीदार एकच, शेजारचा म्हातारा. “धुक्यात तोंड दिसलं नाही ना?” गोकुळदासनी विचारलं. “नाही,” म्हातारा म्हणाला. तिथेच खाली बसायला हवं होतं. पण अंगात तरुण वकिलाचा जोर. त्यांनी पुढे विचारलं, “मग हाच होता हे कशावरून?” म्हातारा शांतपणे म्हणाला, “खोकल्यावरून. तीस वर्सां रोज पहाटे ऐकतां.” कोर्टात हशा पिकला आणि अशील तीन महिने तुरुंगात गेला. त्याची बायको निकालानंतर गोकुळदासांकडे बघत उभी राहिली होती. ते बघणं ते विसरले नाहीत.

अशा माणसाकडे एक्क्याण्णव सालच्या फेब्रुवारीत भागीरथी गवस आली.

ती दोडामार्गाकडची, लग्न करून मयेच्या वरच्या अंगाला आलेली. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने किरकोळ, बोलणं तोडून. नवरा शांताराम वास्कोला बंदरात कामाला. शनिवारी यायचा, सोमवारी पहिल्या बसने जायचा. शेत तीच करायची. पावसाळ्यातलं सरद आणि हिवाळ्यातलं वायंगण, दोन्ही पिकं तिच्या हातची.

तिच्यावर दोन कलमं लागली होती, वाट अडवल्याचं आणि मारून दुखापत केल्याचं. जानेवारीत वायंगणाची लावणी नुकतीच झाली असताना खाणीच्या ट्रकांनी टेकडीवरची वळणाची वाट सोडून तिच्या शेताच्या बांधावरून यायला सुरुवात केली. बांध खचू लागला, तांबडी माती रोपांवर सांडू लागली. चौथ्या दिवशी भागीरथी कुंपणासाठी आणलेला दांडा दोन्ही हातांत आडवा धरून बांधाच्या मधोमध उभी राहिली. तिच्यासमोर रांगेने सात ट्रक थांबले. पहिल्या ट्रकमधून खाणीचा सुपरवायझर यशवंत मोदगेकर उतरला. वादावादी झाली, आणि शेवटी यशवंतच्या डाव्या भुवईवर चार टाके पडले.

“तू मारलंस काय ताका?” गोकुळदासनी पहिल्याच दिवशी विचारलं.

“नाय वकीलबाब. त्येणां दांडो ओढल्यान. मी सोडलंय. तो त्येकाच लागलो.”

“सोडलंस कित्याक?”

“हात सोलवटले म्हणान.” तिने तळवे पुढे केले. महिना होऊन गेला होता, तरी उजव्या तळव्यावर सालपटाची खूण दिसत होती.

गोकुळदासनी मान हलवली, पण मनात तडजोडीचाच विचार होता. ही दोन्ही कलमं आपसात मिटवता येतात. फिर्यादीने हो म्हटलं की संपलं.

पहिल्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात खाणीच्या ऑफिसचा एक माणूस टाईप केलेला कागद घेऊन आला. माफीपत्र होतं. त्यावर अंगठा उठवला की यशवंत तक्रार मागे घेणार. सरकारी वकीलही जाता जाता म्हणाले, “कोरगावकर, मिटवून टाका. तुम्ही काय खटला चालवणार?” बोलण्यात दुष्टावा नव्हता. सगळ्यांना ठाऊक होतं तेच ते बोलले.

शांताराम त्या दिवशी रजा घेऊन आला होता. बायकोला म्हणाला, “उठव अंगठो. माका परत परत रजा गावची नाय.”

“वाचून दाखवा आधी,” भागीरथी म्हणाली.

गोकुळदासनी वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीत होतं, ‘मी कंपनीच्या रस्त्यावर उभी राहून वाहने अडवली व श्री. मोदगेकर यांना दांड्याने मारले.’ ती ओळ त्यांनी भरभर, सलग, पुढच्या ओळीला जोडून वाचून टाकली. आपण असं का करतो आहोत हे त्यांना वाचतानाच कळत होतं.

“मधलां परत वाचा,” ती म्हणाली.

त्यांनी परत वाचलं. या वेळी सावकाश.

“कंपनीचो रस्तो?” भागीरथीने विचारलं. “तो माझो बांद, वकीलबाब. माझ्या सासऱ्यान घातलेलो. ह्या लिवून दिलंय तर उद्या ते माका शेतात पाय घालूक देवचे नाय.” मग थोडं थांबून, “आणि तुमी ता भरभर कित्याक वाचलात?”

गोकुळदासच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तेवीस वर्षं ज्या माणसाने जमिनीचे कागद वाचण्यावर पोट भरलं, त्याने एक बांध जवळजवळ हातचा घालवला होता, तोही केवळ स्वतःला उभं राहावं लागू नये म्हणून. त्यांनी कागदाची घडी केली आणि खाणीच्या माणसाच्या हातात परत दिली. “सही होणार नाही,” ते म्हणाले. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा बारीक निघाला.

आत न्यायाधीशबाईंनी भागीरथीला विचारलं, “गुन्यांव कबूल?” त्या मडगावच्या, डिचोलीला येऊन वर्षही झालं नव्हतं. भागीरथी म्हणाली, “नाय.” साक्षीपुराव्याची तारीख पडली, आणि शांताराम वकिलाकडे न बघता बसस्टँडकडे चालू लागला.

मधल्या दिवसांत गोकुळदासनी आपल्याला येतं ते केलं. मामलेदाराच्या कचेरीत जाऊन उतारे काढले. कुळाच्या रकान्यात भागीरथीच्या सासऱ्याचं नाव होतं. बांध शेताच्या क्रमांकातच होता आणि नकाशावर रस्ता नव्हता. वाट अडवल्याच्या कलमाला हा आधार पुरेसा होता. स्वतःची जागा आहे अशा प्रामाणिक समजुतीने खाजगी वाट अडवली तर तो गुन्हा होत नाही, असं कायदाच म्हणतो. पण दुखापतीला उतारा कुठला असणार?

एका रविवारी ते स्वतः त्या बांधावर गेले. घरी परतल्यावर कपडेही न बदलता त्यांनी बायकोला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावलं. “कमल, हें धर.” माडाच्या झावळ्या काढायची काठी तिच्या पुढ्यात धरून ते म्हणाले, “ओढ म्हज्याकडसून. जोरान.”

“खुळावलात?” म्हणत कमलने काठी धरली आणि ओढली. गोकुळदासनी एकदम हात सोडले. काठीचं टोक वर उसळलं आणि कमलच्या गालफडाला टेंगूळ आलं. ती मटकन खाली बसली. रात्रीच्या जेवणापर्यंत ती नवऱ्याशी बोलली नाही. पण गोकुळदासना पहिल्यांदा मनापासून वाटलं की ही बाई खरं बोलते आहे. आणि त्या क्षणापासून त्यांची झोप उडाली. ती खोटं बोलत असती तर हरण्याचं एवढं ओझं वाटलं नसतं.

साक्षीच्या दिवशी जूनचा उकाडा होता. कोर्टाच्या आवारात कदंबाच्या झाडाखाली चारपाच जण नेहमीप्रमाणे मराठी की कोंकणी यावर हातवारे करून भांडत होते. राजभाषेचा कायदा होऊन चार वर्षं झाली, घटक राज्य झालं, तरी तो वाद काही मिटला नव्हता. आत मात्र साक्षीदार आपल्या बोलीत बोलत, न्यायाधीशबाई ते इंग्रजीत सांगत आणि टायपिस्ट तसं टाईप करत असे. जे कागदावर उतरलं तेच साक्षीदार बोलला.

यशवंत मोदगेकर पहिला आला. बेळगावकडचा, तिशीतला, इस्त्रीचा शर्ट. भुवईवरची खूण दिसत होती. “बाजूला हो म्हणून सांगितलं बघा हिला. ऐकली नाही. दांडा उचलली आणि मारली,” तो म्हणाला. गोकुळदासनी त्याला दोनच गोष्टी विचारल्या. बांधावरून जायचा परवाना कंपनीकडे होता का? “ते ऑफिसला ठाऊक.” तुम्ही दांड्याला हात लावला होता का? “नाही.” हे ‘नाही’ जरा उशिरा आलं. न्यायाधीशबाईंनी ते उशिरा आलं असं कुठे लिहिलं नाही.

डॉक्टरांनी जखम साधी असल्याचं सांगितलं. लाकडी वस्तूने झालेली.

मग बाबली आला. पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर. यशवंतशिवाय घटना डोळ्यांनी पाहिलेला हा एकटाच. पोलिसांनी त्याचा जबाब लिहून घेतला होता, त्यात स्पष्ट होतं: ‘बाईने दांड्याने मारले.’ त्याचा ट्रक खाणीवरच चालायचा. पिंजऱ्यात येताना त्याने एकदाही भागीरथीकडे पाहिलं नाही.

सरकारी वकिलांनी विचारलं, “कितें जालें तें सांग.”

बाबली एका दमात म्हणाला, “ती दांडो आडवो धरून रावल्ली. साहेब ट्रकांतल्यान देंवलो. बोलाचाली जाली. मागीर दांडो सायबाच्या कपळाक लागलो.”

न्यायाधीशबाईंनी टायपिस्टला इंग्रजीत वाक्य सांगितलं. भागीरथीने साहेबांच्या कपाळावर दांडा मारला, असा त्याचा अर्थ होता. टायपिस्टची बोटं चालली. सरकारी वकील समाधानाने बसू लागले.

गोकुळदासनी कागदावरची नजर उचलली. ‘लागलो’ म्हणाला तो. ‘मारलो’ नव्हे. एवढासा शब्द, पण त्या यंत्राच्या एका फटक्यात बदलला होता. आता उठलं नाही तर तो कायमचा बदलणार. त्यांनी टेबलाची कड धरली आणि उभे राहिले.

“मॅडम, साक्षीदार तसं म्हणाला नाही.”

“मी ऐकला कोरगावकर,” बाई म्हणाल्या. “बसात.”

ते बसले नाहीत. “तो ‘लागलो’ म्हणाला, मॅडम. तिने मारला असं म्हणाला नाही. पेडणे-डिचोलीकडे हे दोन वेगळे शब्द आहेत.”

“आमच्याकडेय दोन वेगळेच आसात,” बाई जरा धारदारपणे म्हणाल्या. वर पंखा कुरकुरत होता. बाईंनी टायपिस्टला हाताने थांबवलं आणि बाबलीकडे वळून विचारलं, “तूं कितें म्हणलो? लागलो काय मारलो?”

बाबली म्हणाला, “लागलो.”

टायपिस्टने ती ओळ खोडली आणि नवीन टाईप केली. पण सरकारी वकील सावध झाले होते. हसून म्हणाले, “मारल्याबगर लागता कशें?” आणि खाली बसले.

आता उलटतपासणी. गोकुळदास पिंजऱ्यासमोर गेले. हातातल्या कागदावर त्यांनी सहा प्रश्न लिहून आणले होते. पाच सोपे होते: ट्रक किती अंतरावर होता, काच स्वच्छ होती का, बाई जागची हलली का. उत्तरं त्यांना ठाऊक होती आणि तशीच आली. बाई जागची हलली नाही. दांडा तिच्या दोन्ही हातांत, आडवा होता.

सहावा प्रश्न होता: दांडा सुटला कसा?

इथेच थांबता येत होतं. ‘लागलो’ हा शब्द नोंदला गेला होता, थोडी शंका निर्माण झाली होती. ती पुरेल? कदाचित. पण सरकारी वकिलांचा प्रश्न हवेत तसाच लटकत होता, आणि बाई ट्रकसमोर दांडा धरून उभी होती हे तर सगळ्यांनाच मान्य. विचारलं, आणि बाबली म्हणाला, “तिणें मारलो म्हणून लागलो,” तर? पोलिसांच्या जबाबात तेच होतं. धुक्यातला तो म्हातारा त्यांच्या डोळ्यांपुढे येऊन उभा राहिला, आणि त्याच्यामागे ती बघणारी बायको.

“आणखी काय विचारायचं आहे?” न्यायाधीशबाईंनी घड्याळाकडे पाहत विचारलं.

गोकुळदासनी मागे वळून भागीरथीकडे पाहिलं. ती आरोपीच्या जागी हात बांधून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर विनवणी नव्हती. ती बाबलीकडे बघत होती, माणूस आता काय करतो ते पाहायला थांबावं तशी.

“बाबली,” गोकुळदास म्हणाले, आणि आपण त्याला कागदावर लिहिल्याप्रमाणे ‘साक्षीदार’ म्हणून नव्हे तर नावाने हाक मारली हे त्यांच्या नंतर लक्षात आलं. “दांडो तिच्या हातांतसून सुटलो कसो?”

बाबलीने पिंजऱ्याच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले. बाहेर कुठल्याशा बसचा हॉर्न वाजला. कोर्टात मागच्या बाकावर खाणीच्या ऑफिसचा तो माणूस बसला होता, कागद आणणारा. बाबलीची नजर तिकडे गेली आणि लगेच परतली.

“उत्तर दी,” न्यायाधीशबाई म्हणाल्या.

“सायबान ओडलो,” बाबली म्हणाला. आवाज इतका हळू की टायपिस्टने मान वर केली. मग त्याने पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्याने, जणू एकदा बोलून झाल्यावर आता लपवण्यात अर्थ नव्हता. “सायबान दोनी हातांनी ओडलो. तिणें सोडलो. आनी तो उसळून सायबाक लागलो. तिणें मारूंक ना.”

सरकारी वकील उठले, साक्षीदार फितूर झाला म्हणून त्यांनी स्वतः त्याची उलटतपासणी घेतली. पोलिसांच्या जबाबातलं वाक्य त्याला वाचून दाखवलं. “हें तूं सांगिल्लें न्हय?” बाबली म्हणाला, “हांवें लागलो म्हणिल्लें. तांणीं मराठींतसून बरयलें. म्हाका वाचून दाखोवंक ना.” आपण म्हटलं एक, पोलिसांनी मराठीत लिहिलं दुसरं, यावरून पुन्हा पुन्हा विचारूनही तो हलला नाही. त्याचा शर्ट पाठीवर पूर्ण भिजला होता.

गोकुळदास जागेवर येऊन बसले आणि सहा प्रश्नांचा कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. दोन्ही कलमांतून भागीरथी निर्दोष. वाटेबद्दल बाईंनी उताऱ्यावर दोन पानं लिहिली होती. दुखापतीबद्दल अर्धं पान. शांताराम त्या दिवशीही वास्कोहून आला होता. तो वकिलाच्या पायाशी वाकू लागला तेव्हा गोकुळदासनी त्याला खांद्याला धरून उभं केलं. भागीरथी मात्र हसली नाही. “बरां जालां,” एवढंच म्हणाली, आणि मग, “शेतात माती भरलेली आसा, तेचो अर्ज खंय करूचो?”

तो अर्ज गोकुळदासनी केला. त्यावर तीन वर्षं काही झालं नाही. मग माती काढायला एक जेसीबी आला, तोवर त्या बाजूच्या अर्ध्या शेतात भात येईनासं झालं होतं. पण ट्रक बांधावरून पुन्हा आले नाहीत. टेकडीवरच्या वळणानेच गेले. बाबलीचा ट्रक खाणीवरून काढला गेला. काही महिने तो वाळपईकडे लाकडं वाहत होता. मग स्वतःची रिक्षा घेतली असं कुणीतरी सांगितलं. गोकुळदास पुढे फौजदारी खटले चालवू लागले, पण फार नव्हे. त्यांपैकी काही हरले. साक्षीदारासमोर उभं राहताना प्रश्नांचा कागद मात्र शेवटपर्यंत त्यांच्या हातात असायचा.

यशवंत मोदगेकर त्यांना एकदाच भेटला, निकालानंतर दोनेक महिन्यांनी, डिचोलीच्या बसस्टँडवर. पत्र्याची ट्रंक पायाशी ठेवून तो बेळगावच्या गाडीची वाट बघत होता. खाणीवरून त्याला कमी केलं होतं. गोकुळदास ओळख न दाखवता पुढे जाणार होते, पण त्यानेच हाक मारली.

“वकीलसाहेब, रागाने नाही बोलवलं,” तो म्हणाला. “एक सांगायचं होतं. मी त्या दिवशी दांडा ओढलो का, खरंच मला नीट आठवत नाही. डोकं फुटलं, रक्त डोळ्यांत गेलं. ऑफिसात तक्रार आधीच टाईप होऊन तयार होती. म्हणाले सही कर, केली. नंतर तेच बोलत गेलो.”

“मग कोर्टात ‘आठवत नाही’ म्हणायचं होतंत,” गोकुळदास म्हणाले.

“तसं म्हणता येतं होय?” यशवंतने खरोखरच विचारलं.

तेवढ्यात गाडी लागली. ट्रंक एकट्याला टपावर चढत नव्हती, म्हणून गोकुळदासनी खालून हात लावला. यशवंतने वरून ती ओढून घेतली, दोरी बांधली आणि गाडीत चढून खिडकीशी बसला. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत गोकुळदास तिथेच उभे होते. मग कचेरी उघडायची वेळ झाली म्हणून ते निघाले.